मंदाकिनीनं सिस्टीम टाकली

विकी एकेका टेबलापाशी थांबत होता. थोडा वेळ कीबोर्डचा खडखडाट व्हायचा आणि मग निकाल लागायचा. "ये चल जाएगा." पुढचं टेबल. "ये भी." मास्तर शाळेत वार्षिक निकाल वाचून दाखवतात तेव्हा वर्ग जसा बसतो, तसं सगळं ऑफिस कान देऊन बसलं होतं. मंदाकिनी खोब्रागडेनं तर जरा जास्तच कान दिले होते, कारण तिचं सगळं काम कानांवरच चालायचं.

रायपूरच्या शंकर नगरातलं हे पाणीपुरवठ्याचं सरकारी ऑफिस. कॉम्प्युटरवरच्या जुन्या विंडोजला नवीन सुरक्षेची डागडुजी मिळणं बंद झालं होतं, म्हणून वरून हुकूम आला होता की जी मशीनं नवी आवृत्ती पेलतील ती ठेवा आणि बाकीची काढून गोदामात टाका. पेलणं म्हणजे काय, ते विकीकडचा एक छोटासा प्रोग्रॅम ठरवत होता. प्रोसेसर किती जुना, रॅम किती, डिस्कवर जागा किती, आणि बोर्डावर ती सुरक्षेची खास चिप आहे की नाही. चारही गोष्टी जमल्या तर पास.

विकी तिच्या टेबलाशी आला. ऑफिसची मशीनं सांभाळणारा हा पोरगा स्वभावानं मऊ होता. म्हणूनच तो नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिला तेव्हाच तिला कळलं.

"दीदी, ये नहीं होगा," तो हळूच म्हणाला. "रॅम ठीक है, जगह भी है. पर प्रोसेसर पुराना है, और वो चिप भी नहीं है."

"तो चिप लगा दो ना, भैया."

"बोर्ड ही नहीं लेगा, दीदी."

संध्याकाळी तिचा कॉम्प्युटर वायरीसकट उचलून गोदामात नेला. टेबलावर उरला तो फोन.

त्या फोनची तिला मनापासून चीड होती. पूर्वी ती याच ऑफिसात स्टेनो होती आणि तिची बोटं कीबोर्डवर अशी पळायची की साहेबलोक मजकूर सांगता सांगता मागे पडायचे. रातांधळेपणा लहानपणापासूनचाच. पुढे दिवसाही दिसायचं कमी होत गेलं. आधी कडा गेल्या, मग नळीतून पाहिल्यासारखा एक गोल उरला, आणि एका उन्हाळ्यात तोही मिटला. ऑफिसनं नोकरी राखली, पण तिला फोनपाशी बसवलं. वाजला की उचला, ज्याचा असेल त्याला द्या, ठेवा. चाळिशी ओलांडलेली बाई दिवसभर 'एक मिनिट होल्ड करा' म्हणत बसायची आणि घरी येऊन नवऱ्याशी, इंद्रजीतशी, उगाच भांडायची.

मग भिलाईला दृष्टिहीनांसाठी एक वर्ग निघाला. पडद्यावर जे आहे ते कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवतो, माउसला हातही न लावता कीबोर्डवरच सगळं चालवता येतं, हे ती तिथे शिकली. परत आली ती मोठ्या साहेबांच्या मागे लागून आपला कॉम्प्युटर बोलका करून घेऊनच थांबली. त्या दिवसापासून तक्रारींची नोंद तिच्याकडे आली. कुठल्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, नळाला पाणी नाही, कुठे पाइप फुटला, कुठे गढूळ येतं, सगळं ती फोनवर ऐकता ऐकता टाइप करायची. आता मशीनच गेलं. नवीन यायला पुढचं आर्थिक वर्ष उजाडणार होतं. तोवर फोन.

त्या रात्री ती जेवली, पण भांडली नाही. इंद्रजीतला त्याचीच भीती वाटली. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात दिवसभर घणाचे आवाज ऐकणाऱ्या माणसाला घरातली शांतता लवकर कळते.

"काय झालं वो?" त्यानं विचारलं.

"माह्यं मशीन नापास झालं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गौतमला फोन लावला.

गौतम भिलाईच्या त्या वर्गात तिच्यासोबत शिकलेला, तिच्याहून वयानं बराच लहान, जन्मापासून आंधळा, भिलाईत एका बँकेत कामाला. बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायची फुरसत द्यायचा नाही. तिनं सगळं सांगितलं आणि पलीकडे चक्क टाळी वाजल्याचा आवाज आला.

"अवं ताई, रडून कायले राहिल्या? लिनक्स टाका ना!"

"थे काय असते?"

"दुसरी सिस्टीम. फुकट. तिले तुमची थे चिप-बिप काई लागत नाई. प्रोसेसर चौसष्ट बिटवाला पाह्यजे, चार जीबी रॅम, अन् डिस्कवर पंचवीस-तीस जीबीची जागा. हाये ना तेवढं?"

"तेवढं हाये. पण टाकून कोण देईन? विकीले तर माह्यासाठी वेळ नाई भेटणार. त्याच्या डोक्यावर अख्खं ऑफिस हाये."

"ऐका तर! त्याच्यातली खरी गोष्ट तर मी सांगितलीच नाई." गौतमचा आवाज एकदम खाली आला, कुणी ऐकेल की काय असा. "आपली जुनी सिस्टीम कशी? आधी डोळेवाल्यानं टाकून द्यायची, मंग तिच्यात बोलणारा प्रोग्रॅम भरायचा, मंग थे आपल्यासंग बोलन. इथं तसं नाई. पेन ड्राइव्हवरून सुरू केली की तिथूनच बोलते. टाकतानीच बोलते, ताई! म्हंजे आपल्यासारख्याले सोताच्या हातानं टाकता येते!"

मंदाकिनीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

स्वतःच्या हातानं. आजवर तिच्या मशीनचं जे जे काही झालं, ते कुणी तरी करून दिलं होतं. बंद पडलं की विकीची वाट पाहा. नवं काही घालायचं असेल तर विकीची वाट पाहा. आपण खुर्ची सरकवून बाजूला बसायचं आणि शेजारी दुसऱ्याची बोटं वाजताना ऐकायची. तिनं कप खाली ठेवला. वाटतेय ती भीती आहे की आनंद, हे तिला ठरवता येईना.

"सांग," ती म्हणाली. "पह्यल्यापासून सांग. हळू सांग."

तक्रार विभागाच्या प्रमुख अपर्णा देशकर या रायपुरातल्याच जुन्या मराठी कुटुंबातल्या. बोलायच्या मराठीतच, पण कामाचं वाक्य आलं की हिंदीत शिरायच्या. मंदाकिनीनं त्यांच्या खोलीत जाऊन उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एकाच दमात.

"तुम्ही स्वतः टाकणार?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम."

"आणि बिघडलं तर?"

"ते तर आधीच नापास झालेलं आहे मॅडम. नापास पोट्ट्याचं अजून काय बिघडणार?"

मॅडम हसल्या. विकीला बोलावलं. विकीनं डोकं खाजवल्याचा आवाज मंदाकिनीला स्पष्ट ऐकू आला. लिनक्स त्यानं कॉलेजात पाहिलं होतं, पण ते बोलतं हे त्याला ठाऊक नव्हतं. "हो भी सकता है, मॅडम," तो म्हणाला. जुन्या डिस्कवरचं सगळं त्यानं आधीच काढून ठेवलं होतं, त्यामुळे ती पुसली तरी हरकत नव्हती. पेन ड्राइव्ह तयार करून द्यायचंही त्यानं कबूल केलं. पण शनिवारी सुट्टी, त्या दिवशी तो बिलासपूरला लग्नाला जाणार होता.

"तो सोमवार को मैं साथ बैठूँगा, दीदी."

"ना भैया," मंदाकिनी म्हणाली. "शनिवार को मैं ही डाल लूँगी. सोमवार को तुम बस देख लेना."

शनिवारी दुपारी इंद्रजीतनं तिला स्कूटरवरून ऑफिसच्या दाराशी सोडलं. दार उघडायला विमला गजभिये होती. ऑफिसच्या चाव्या तिच्याकडे, पाणी भरणं तिच्याकडे, फायली इकडच्या तिकडे नेणं तिच्याकडे. ती मूळची गोंदियाकडची. हिंदी वाचता यायचं, इंग्रजीतली मात्र काहीच अक्षरं, तीही नातीच्या पुस्तकातून उचललेली. सकाळीच तिनं गोदामातून मंदाकिनीचा कॉम्प्युटर आणून, पुसून, टेबलावर मांडला होता आणि सगळ्या वायरीही आपल्याच अंदाजानं खुपसल्या होत्या.

"मंदाताई, मी करू काय सांगा. मले याच्यातलं काई समजत नाई."

"तू फक्त पाह्य. जे दिसन थे सांग. मी करते."

"अन् मले वाचता नाई आलं तं?"

"मंग अक्षर कसं दिसते थे सांग."

गौतमनं आधीच बजावून ठेवलं होतं. मशीन सुरू झाल्याबरोबर जो पहिला पडदा येतो तो मुका. तिथे अजून कुठलीच सिस्टीम जागी नसते, मग बोलणार कोण? तेवढा एक नाला उडी मारून ओलांडायचा. मंदाकिनीनं पेन ड्राइव्ह खोबणीत बसवला. कीबोर्डच्या वरच्या रांगेत बोट फिरवून शेवटचं F12 शोधलं, बोट तिथेच ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं. पंखा घरघरला. ती F12 टकटक, टकटक दाबत राहिली.

"आलं!" विमला ओरडली. "काळं-निळं आलं! चौकट हाये, आतमंदी ओळी हायेत."

"पह्यल्या ओळीत काय लिवलं?"

"लय अक्षरं अन् आकडे. गाडीच्या नंबरासारखं."

"थे डिस्क असन. दुसरी?"

"दुसऱ्या ओळीत पह्यलं यू. यू मले येते. मंग..." विमला पडद्याच्या इतक्या जवळ गेली की तिचा श्वास काचेवर लागल्याचं मंदाकिनीला कळलं. "मंग साप. उभा केलेला साप. अन् मंग बी."

"साप म्हंजे एस! यू, एस, बी! तेच, विमला, तेच!"

खालचा बाण एकदा, मग एन्टर. पंख्याचा सूर बदलला. पेन ड्राइव्हला बोट लावून पाहिलं तर तो कोमट झाला होता, म्हणजे आत काही तरी वाचणं चाललं होतं. विमला खुर्चीच्या पाठीला गच्च धरून उभी. काळं झालं, मग काही तरी गोल फिरलं, मग चांगलं जांभळं झालं, असं ती सांगत गेली. आणि मग म्हणाली, "थांबलं. आता जांभळंच हाये. मंदी एक डबा आला, त्याच्यात लिवलेलं हाये."

आता. मंदाकिनीनं साडीला हात पुसले. खिडकीचं चिन्ह असलेली कळ, ऑल्ट आणि एस. तिन्ही एकदम.

काही नाही.

पुन्हा. काही नाही. तीच कळजोडी वाचक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा आवाज, चालू करते आणि तीच बंदही करते, त्यामुळे चार-पाच वेळा दाबल्यावर आपण तो कितीदा लावला आणि कितीदा मालवला, हे तिचं तिलाच कळेना. पंखा घरघरत होता, बाहेर रस्त्यावर कुणी तरी हॉर्न देत होतं, आणि ज्या आवाजासाठी ती दोन दिवस झोपली नव्हती तो काही केल्या येईना. विकी बिलासपूरला लग्नात जेवत असेल. सोमवारी तो बसेल, त्याची बोटं वाजतील, आपण खुर्ची सरकवून बाजूला.

"बिघडलं काय वो?" विमलानं भीत भीत विचारलं.

मंदाकिनीनं गौतमला फोन लावला.

"पडदा आला काय?" त्यानं विचारलं.

"आला म्हणते विमला. जांभळा. पण मुका हाये."

"मंग सिस्टीम बरोबर हाये, ताई. आवाज कुठं अडकून राहिला थे पाहा. स्पीकर चालू हाये?"

"स्पीकरचा दिवा लागून हाये," विमलानं सांगितलं. "लाल."

"अन् त्याची वायर? मागं कोणत्या खाचेत हाये?"

मंदाकिनी उठली. कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागून हात घालून तिनं स्पीकरची वायर पकडली आणि तिच्या टोकापर्यंत गेली. तिथे शेजारी शेजारी तीन गोल खाचा होत्या, बोटाला सगळ्या सारख्याच.

"विमला, ही वायर कोणत्या रंगाच्या खाचेत घातली तू?"

"गुलाबी."

"काहून गुलाबी?"

"मले चांगला वाटला रंग."

फोनमधून गौतम इतक्या जोरात हसला की तिला फोन कानापासून दूर धरावा लागला. "हिरव्यात, ताई, हिरव्यात! गुलाबी तं माइकची असते!"

विमलानं वायर काढली, हिरव्यात खुपसली, आणि त्याच क्षणी कुणी तरी खोलीत येऊन मोठ्यानं बोलायला लागलं. वाक्याच्या अर्ध्यातूनच. इंग्रजीत, नाकात, भराभरा, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसं. "अवं माय!" करून विमला दोन हात मागे उडाली. मंदाकिनीनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

नवी सिस्टीम अजून पेन ड्राइव्हवरच होती. मशीनमध्ये अजून काही टाकलेलंच नव्हतं. तरी ते तिच्याशी बोलत होतं. कोणती भाषा हवी, विचारत होतं.

"बोललं!" ती फोनमध्ये किंचाळली. "गौतम, बोललं रे!"

"ऐकून राहिलो ना मी! आता थांबू नका. आधी इंग्रजीतच टाका, मराठी आवाज मागून लावा. फोन ठेवतो, तुमचे दोन्ही हात मोकळे पाह्यजेत."

मग ती बसली आणि तिची बोटं जुन्या दिवसांसारखी चालायला लागली. टॅब, बाण, एन्टर. आवाज एकेक प्रश्न विचारत होता, ती उत्तर देत होती. कीबोर्ड कोणता? वायफाय जोडायचं का? नाही, पुढे. पुढे. एका जागी मात्र बोटं थबकली. आवाज म्हणत होता, डिस्क पुसून टाकून सिस्टीम बसवायची.

पुसायची. जुन्या सिस्टीमनं तिला फोनच्या खुर्चीतून उठवलं होतं, हे ती विसरली नव्हती. क्षणभर ती त्या बटणावर नुसती उभी राहिली. मग तिनं मनातल्या मनात तिला जय भीम घातला आणि एन्टर दाबलं.

नाव विचारलं, तिनं दिलं. पासवर्ड विचारला.

"मी डोळे मिटते," विमला म्हणाली, आणि खरंच मिटले असावेत, कारण पुढचं अर्धं मिनिट ती काहीच बोलली नाही.

मग पट्टी सरकायला लागली. वाचक टक्के काही सांगेना, म्हणून ते काम विमलानं घेतलं. "सरकून राहिली... सरकली... थांबली बाप्पा... नाई नाई, चालली!" रेडिओवर क्रिकेट सांगावं तसं तिचं चाललं होतं. मध्येच तिनं विचारलं, "मंदाताई, एवढं करून राहिलो आपण, पण ही सिस्टीम म्हंजे नक्की काय असते वो?"

मंदाकिनीनं विचार केला. "सकाळी ऑफिस कोण उघडते?"

"मी."

"लाइट, पंखे?"

"मीच."

"कोणती चाबी कोणाजवळ द्याची, कोणाले आत सोडाचं, कोणाले नाई? कोणती फाइल कोणत्या कपाटात? दोन साहेबांनी एकदमच बोलावलं तं आधी कोणाकडे जायचं?"

"थे तं सगळं मलेच पाहा लागते."

"एक दिवस तू नाई आली तं?"

"सगळे बाहेर उभे ऱ्हातात. मागच्या होळीले राहिले ना!"

"मंग? या डब्याच्या आत तेच काम करते थे सिस्टीम. कळ दाबली तं कोणाले सांगाचं, आवाज कुठून काढाचा, कागद कोणत्या कप्प्यात ठेवाचा, कोणाले किती जागा, कोणाले किती वेळ. सगळे पुर्जे असले, पण थे नसली, तं नुसता पत्र्याचा डबा."

"सरकून राहिली," विमलानं पट्टीकडे पाहून सांगितलं. मग म्हणाली, "म्हंजे मी सिस्टीम हाओ या ऑफिसची!" आणि आपल्याच बोलण्यावर इतकी खूष झाली की चहा करायला गेली ती गुणगुणत गेली.

चहा होईतो पट्टी संपली. आवाजानं मशीन पुन्हा सुरू करायला सांगितलं. पुन्हा तोच मुका पडदा आला. पण गौतमनं तेही सांगून ठेवलं होतं. पेन ड्राइव्ह काढा आणि एन्टर दाबा. मंदाकिनीनं काढला. दाबला. दोघी थांबल्या. विमलाच्या हातातल्या कपबश्या किणकिणत होत्या.

"जांभळं झालं," विमला कुजबुजली. "मंदी काई तरी लिवलं हाये. एम... मंग ए..."

मंदाकिनीनं तिन्ही कळा दाबल्या.

"मॅन्डाकिनी," मशीन म्हणालं. असं साहेबी नाव तिला जन्मात कुणी दिलं नव्हतं. दोघी इतक्या हसल्या की खालचा चौकीदार जिना चढून वर आला आणि दारातूनच "सब ठीक है ना, दीदी?" म्हणून विचारून गेला.

मराठी आवाज लावायला आणखी थोडा वेळ गेला. तो आवाजही काही गोड नव्हता. सपाट होता, 'ळ'वर अडखळायचा, आणि पूर्णविरामाला धाप लागल्यासारखा थांबायचा. पण तो मराठी होता. मंदाकिनीनं कोरा कागद उघडला. देवनागरीची बोटं स्टेनोच्या काळापासून बसलेलीच होती.

"काय लिवू, विमला?"

"मी काय सांगू? तुमच्या मनचं लिवा."

"तू सांग. तू नसती तं गुलाबीतच अडकले असते मी."

"मीच तं घातली गुलाबीत," विमला म्हणाली. मग जरा लाजत, "माह्यं नाव लिवा."

मंदाकिनीनं लिहिलं. बाण खाली-वर केला. मशीन त्या सपाट आवाजात म्हणालं, "विमला गजभिये."

विमला स्पीकरच्या आणखी जवळ सरकली.

"पुन्हा म्हणाले लावा," ती म्हणाली.

मंदाकिनीनं पुन्हा लावलं. आणि पुन्हा. मग विमलानं नातीचं नाव सांगितलं, ईरा. मग मेलेल्या नवऱ्याचं. तेही मशीननं म्हटलं. त्यानंतर दोघींनी गार झालेला चहा प्यायला.

सोमवारी ऑफिस उघडण्याआधीच विकी येऊन बसला होता. लग्नातला थकवा त्याच्या जांभयांत ऐकू येत होता, पण मशीन चालू झालं तशा त्याच्या जांभया बंद झाल्या. "रिस्टार्ट के बाद भी बोला? डिस्क वाला स्टेप आपने किया?" एकामागून एक प्रश्न. मंदाकिनीनं सगळ्यांची उत्तरं दिली, गुलाबी खाचेसकट. त्यानं मशीन ऑफिसच्या नेटला जोडलं, प्रिंटर ओळखून दिला, तक्रार नोंदवायचं पान उघडून पाहिलं. चाललं.

सगळंच मात्र चाललं नाही. जुन्या हिंदी फॉन्टमध्ये टाइप केलेली काही पत्रं तिनं उघडली तर आवाज इंग्रजी अक्षरांची खिचडी बडबडायला लागला. डोळ्यांना ते हिंदी दिसत होतं, पण आत भलतंच लिहिलेलं होतं; यूनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर आतही हिंदीच राहिलं असतं, असं विकी म्हणाला. ती हिरमुसली. अपर्णा मॅडम मागे येऊन उभ्या होत्या, त्यांनी ती बडबड ऐकली.

"हे माझंच पत्र आहे ना?" त्या म्हणाल्या. "बरं झालं मी कशी बोलते ते कळलं." मग विकीकडे वळून, "आज के बाद सब यूनिकोड में. मंदाकिनी को जो जाएगा, वो तो पक्का."

आणि मग फोन वाजला. बूढ़ापाऱ्यातून एक बाई बोलत होत्या. तलावाच्या बाजूच्या गल्लीत तीन दिवसांपासून पाणी नाही, आणि आज आलं ते मातीचं. मंदाकिनीनं रिसीव्हर एका खांद्यावर दाबून धरला, दुसऱ्या कानात हेडफोन घातला. इकडे बाई बोलत होत्या, तिकडे मशीन तिनं लिहिलेलं म्हणत होतं, आणि मध्ये तिची बोटं चालली होती. गल्ली कोणती? नळ एकट्याचा की सगळ्यांचा? बाईंनी श्वास घ्यायच्या आत तक्रार नोंदली गेली आणि प्रिंटर कुरकुरत कागद ओढायला लागला.

"आपका नाम?" बाईंनी विचारलं. "कल फिर पूछना पड़े तो?"

"मंदाकिनी खोब्रागडे. शिकायत विभाग. सीधे मुझे ही फोन लगाइए."

रात्री तिनं गौतमला सगळं सांगायला फोन केला. तो ऐकत गेला, मध्ये मध्ये ओरडत गेला. शेवटी तिनं सहज विचारलं, "तू टाकली होती तवा तुले किती वेळ लागला रे?"

पलीकडे गप्प. गौतम आणि गप्प.

"मी कुठं टाकली, ताई," तो म्हणाला. "मी नुसतं ऐकलं. आमच्या लोकांचा एक ग्रुप हाये, त्याच्यात कोणीतरी सगळं बोलून टाकलेलं हाये, थे मी पन्नासदा ऐकलं. पाठच हाये मले. पण करायले भ्याव वाटे. डिस्क पुसाच्या जागी माह्यं बोटच नाई चालत."

मंदाकिनी आधी हसली, मग तिला त्याचा खूप राग आला आणि तितकंच प्रेमही आलं.

"बरं," ती म्हणाली. "येत्या रविवारी घरी ऱ्हाय. मी येते."

रविवारी ती आणि विमला रायपूर स्टेशनवरून गाडीत बसल्या. विमलानं खिडकी धरली आणि भिलाई येईपर्यंत बाहेरचं सगळं सांगत गेली. कारखान्यांच्या चिमण्या, धूर, शेतं, पाट्या, आणि पाट्यांवरची नवी शिकलेली इंग्रजी अक्षरंसुद्धा. गौतमच्या घरी दार त्याच्या आईनं उघडलं.

"कोण आलं रे?" आतून गौतमनं विचारलं.

"सिस्टीमवाल्या बाई आल्या," त्याची आई म्हणाली, आणि मंदाकिनी चपला काढून, हात पुढे करून, कॉम्प्युटर कुठल्या खोलीत आहे ते विचारत आत गेली.